गार हाताची खुर्ची

अ‍ॅसिटोन आणि स्पिरिट विकण्यात माझी हयात गेली. तेव्हा सासऱ्यांच्या खुर्चीचं जुनं पॉलिश काढणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! खरं सांगायचं तर मला त्या खुर्चीत बसायचं होतं. सासरे गेल्यापासून सासूबाई तिथे कुणाला टेकूसुद्धा देत नाहीत. त्यांची तेवढीच एक आठवण उरलीय. खुर्ची नवीकोरी करून दिली की पहिला मान जावयाचा, असा माझा साधा बेत!

धूळ बसू नये म्हणून मी खिडक्या लावल्या, अ‍ॅसिटोनचा डबा उघडून खुर्चीखाली ठेवला आणि फडक्याने घासायला लागलो.

सासूबाईंनी येऊन खुर्चीच्या हातावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"गार आहे हो! ह्यांचा हात शेवटी अस्साच लागायचा."

"आई, अ‍ॅसिटोन उडून जातं ना, जाताना ऊब घेऊन जातं. स्पिरिट जरा दमानं उडतं. हे फार उतावळं!"

"हेही उतावळेच होते," म्हणत त्या चहा टाकायला गेल्या. उभं राहवत नाही म्हणून त्यांची शेगडी खालीच, फरशीवर असते.

अ‍ॅसिटोनची वाफ हवेपेक्षा जड. जमिनीलगत सरपटत लांबवर जाते आणि विस्तव शोधते. हे मी गिऱ्हाइकांना रोज बजावतो! मला ते आठवलं, तेव्हा आत काडी ओढल्याचा आवाज आला होता.

दारातून आगीची एक निळी रेघ आत आली. धूर नाही, आवाज नाही. फरशीवरून वळणं घेत सावकाश खुर्चीकडे निघाली. डबा काठोकाठ भरलेला, वर उघडा!

मागोमाग सासूबाई आल्या. रेघेकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "अहो, पुरे! जावई आहेत ते."

रेघ डब्यापासून वीतभर अंतरावर थांबली. थरथरली. विझली.

बायको धावत आली. मी घाम पुसत तिला सगळं शास्त्र समजावलं. "वाफ संपली, म्हणून विझली!"

"उघड्या डब्याशेजारी वाफ संपली?"

मी डब्याला झाकण लावून खिडक्या उघडल्या.

सासूबाईंनी चहा करून आणला आणि कप माझ्या हातात दिला. "राहू द्या ते पॉलिश. तुम्हाला बसायचंय ना कधीचं? बसा की! ते सरकून घेतील."

चहा मी उभ्यानेच प्यायलो. अंगणात.