अक्काची खुर्ची

आमच्या निर्मला मॅडम रिक्षातून उतरल्या की आधी रिक्षावाल्यापुढे एक पाय मागे नेतात, पदर सावरत गुडघ्यात वाकतात, आणि मग पैसे देतात. नवा रिक्षावाला असला तर घाबरतो. एकजण तर "मावशी, चक्कर आली का?" म्हणत धरायला धावला होता. मॅडम त्याच्यापुढे पुन्हा वाकल्या. हे धरायला आल्याबद्दलचं वेगळं.

त्या कुणापुढेही वाकतात. पोस्टमनपुढे, दूधवाल्यापुढे. एकदा वर पाणी चढलं म्हणून मोटारीपुढे वाकताना मी स्वतः बघितलंय. माझ्यापुढे तर रोज वाकतात, कारण त्यांच्या वर्गाचा जिना माझ्या दुकानाच्या दारातून वर जातो.

माझं जालन्यात बियाण्याचं दुकान आहे. वर एक लांबलचक हॉल रिकामा पडून होता. मॅडम शाळेत पीटीच्या बाई होत्या. रिटायर झाल्या आणि हॉल मागायला आल्या. कशाला हवाय म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "बॅले शिकवायचाय." मला वाटलं, असेल काहीतरी व्यायामाचा प्रकार. हो म्हणून बसलो. पुढच्या आठवड्यापासून डझनभर पोरी वर एकदम उड्या मारायला लागल्या आणि खाली माझ्या तराजूत छताचा चुना पडायला लागला.

एक दिवस डोकं फिरलं आणि भांडायला वर गेलो. मी तसा तोंडाळ माणूस. आमच्या भागात सत्कार असो, जयंती असो, वधूवर मेळावा असो, माईकवर मीच असतो. म्हणजे भांडायची तयारी वेगळी करावी लागत नाही. वर बघतो तर भिंतीला आडवी लोखंडी सळई ठोकलेली (जालन्यात सळयांचेच कारखाने, सळईला काय तोटा), ती धरून पोरी उभ्या, आणि मॅडम सांगतायत, "टाचा जोडा, बोटं बाहेर. आता खाली जा. दळायला बसल्यासारखं न्हाई. बसायला निघालो आन् तेवढ्यात दारात पाव्हणे दिसले, तसं अर्ध्यात थांबा."

डझनभर पोरी अर्ध्यात थांबल्या. एकीचा पाय वाकडा होता, तो मॅडमनी स्वतःच्या पायाने हळूच बाहेर सरकवला. मी भांडण विसरून दारातच उभा राहिलो. महिन्याभरात माझी लेक प्राची त्या रांगेत होती.

मॅडम हे शिकल्या पुण्याला, पीटीच्या कोर्सला असताना. कॅम्पात एक म्हाताऱ्या पारशी बाई शिकवायच्या. त्यांच्याबद्दल विचारलं की मॅडम एवढंच म्हणतात, "लई मारायच्या. बराबर मारायच्या."

हळूहळू थोरल्या पोरींची मंडळी तयार झाली आणि आमचे प्रयोग सुरू झाले. आमचे म्हणतोय, कारण तोवर टेम्पो ठरवण्यापासून हंसाचे पंख शिवून घेण्यापर्यंत सगळं माझ्या गळ्यात आलेलं होतं. पंख मंडपवाल्याकडे उरलेल्या जाळीचे. गोष्ट एकच, सिद्धार्थ आणि हंस. देवदत्त बाण मारतो, हंस पडतो, सिद्धार्थ त्याला उचलतो, देवदत्त हक्क सांगायला येतो. मॅडमना ही गोष्ट पाळण्यात असल्यापासून माहीत. देवदत्ताचं काम प्राचीला मिळालं. पाय आपटून हक्क सांगायचा सराव तिला घरचाच होता.

मॅडमचे नियम दोन. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची अक्काची, तिथे कुणी बसायचं नाही. अक्का म्हणजे मॅडमची थोरली बहीण, केदारखेड्याला राहणारी. ती कधीच आली नाही, तरी खुर्ची लागायची. पोरी नाचायच्या आधी आणि नाच संपल्यावर त्या रिकाम्या खुर्चीपुढे वाकायच्या. वडीगोद्रीच्या प्रयोगाला एक पुढारी जाऊन नेमके तिथेच बसले. मॅडम त्यांच्यापुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "उठा साहेब, इथं माणूस हाय."

दुसरा नियम माझ्या मुळावर आलेला. प्रयोगात कुणी बोलायचं नाही. निवेदन नाही, गोष्ट सांगणं नाही, चकार शब्द नाही.

"मॅडम, लोकांना कळायला नको का? मी दोन शब्द बोलतो."

"तुमचे दोन शब्द संध्याकाळपर्यंत संपत न्हाईत, भाऊ. बिलकुल न्हाई."

मग मंठ्याचा प्रयोग झाला. पोरी पाच मिनिटं नाचल्या आणि मागून ओरडा सुरू झाला, "आवाज! आवाज!" लोकांना वाटलं, पोरी बोलतायत आणि माईक बिघडलाय. साऊंडवाल्याने घाबरून संगीत इतकं वाढवलं की हंस दचकला आणि बाण लागायच्या आतच पडला. शेवटी तिथल्याच एका उत्साही गुरुजींनी माईक घेतला आणि क्रिकेटसारखं सुरू केलं, "आता हंस पडलेला आहे. आता सिद्धार्थ धावतो आहे." टाळ्या मात्र दणकून पडल्या.

परतीच्या टेम्पोत मॅडम हंसाच्या पंखांच्या घड्या घालत होत्या. घड्या घालताघालता म्हणाल्या, "भाऊ, एकदा हे अक्कासमोर गपचूप पार पडलं पायजे. मधी कोणी न बोलता."

"पण त्या येतात कुठं?"

"म्हणती, नाचगाण्यात माझं काय काम. पण तिची नजर चालली, भाऊ. साखरेनं. डॉक्टर म्हणला, हाय ती वर्षभर पुरली तर पुरली. यंदा न्हाई आली तर मंग बघणार कशानं?"

मला त्या अक्काचा भयंकर राग आला. बहीण खुर्च्या मांडून राहिलीय आणि हिचा ताठा काही उतरत नाही. मी म्हणालो, "ती येत नसली तर आपण जाऊ. तिच्या दारात करू."

केदारखेड्यात शाळेच्या पटांगणात प्रयोग ठरवला. तिथून अक्काचं घर दिसतं. लाईटचा भरवसा नको म्हणून वेळ दुपारची, स्वच्छ उजेडाची. मॅडमनी मला एकच काम दिलं, माईक सांभाळायचा आणि कुणालाही द्यायचा नाही. "तुमाला सुद्धा न्हाई," असंही म्हणाल्या. सरपंच दोन शब्द बोलायला आले तेव्हा मी माईक बिघडलाय म्हणून सांगितलं. उभ्या आयुष्यात माईकबद्दल मी असं कधी बोललो नव्हतो.

आणि अक्का आली. वाळकी, जाड भिंगाचा चष्मा, मॅडमचा हात धरून. मी पुढे होऊन मोठ्याने म्हणालो, "या अक्का, किती वाट बघायला लावली." तिने माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. घ्या, म्हटलं, ताठा बघा.

नाच सुरू झाला. मागून "आवाज" सुरू झालंच. मी माईक मांडीखाली घेऊन बसलो. देवदत्ताने बाण मारला, हंस पडला, आणि त्याच क्षणी लाईट गेली. संगीत बंद. पोरी जागच्या जागी थांबल्या. लोक वर तारांकडे बघायला लागले, कुणी शिट्टी मारली. माझ्या जिभेवर शब्द नुसते उड्या मारत होते. लाईट नसली तरी माझा गळा पटांगणाला पुरतो.

मॅडम स्टेजच्या कडेला उभ्या राहिल्या, दोन्ही हात वर केले आणि हवेत ठेका धरला. पोरींनी त्यांच्या हातांकडे बघितलं आणि पुढे नाचायला लागल्या. आता फक्त फळ्यांवर पायांचा आवाज येत होता. मागचे ओरडणारे एकेक करून गप्प झाले. आता खरोखरच आवाज गेला होता आणि तो कुणीच मागत नव्हतं.

मी अक्काकडे बघितलं. मघाशी सगळं पटांगण तारांकडे वळलं होतं, ही एकटी हललीच नव्हती. लाईट गेली, संगीत गेलं, तिच्यासाठी काहीच गेलं नव्हतं. ती पुढे वाकून हंसाकडे बघत होती. प्राचीने पाय आपटून हक्क सांगितला तेव्हा अक्का हसली. ते हसणं मोठं होतं, भसाड्या आवाजाचं, स्वतःचा आवाज कधी न ऐकलेल्या माणसाचं. मॅडमनी वळून तिच्याकडे बघितलं, पण ठेका चुकला नाही. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. अक्काला ऐकूच येत नव्हतं. मी जिला ताठ्याची म्हणत होतो ती बाई, आपल्याला ऐकू येत नाही, लोक हसतील, म्हणून घरात बसत होती.

हंस उडाला. पोरी नेहमीसारख्या खुर्चीपुढे वाकल्या. लोक टाळ्या वाजवत होते. अक्का खुर्चीचा हात धरून उठली, निऱ्या सावरल्या, एक पाय मागे नेला आणि गुडघ्यात वाकली. मॅडम रिक्षावाल्यापुढे वाकतात, अगदी तसं.

नंतर अक्काच्या घरी चहा पिताना मॅडम म्हणाल्या, "आई लवकर गेल्ती. हिनंच वाढवलं मला. वेणी घालून झाली की बरं वाटायचं, पण हिला सांगू कसं? म्हणून अशी वाकायची. मंग हीबी वाकायची. पुण्याच्या बाईंनी पहिल्याच दिवशी वर्ग संपल्यावर वाकायला लावलं. मी म्हणलं, हे तर मला येतंय. हे तर आमच्या घरचं हाय. तिथंच राह्यले मंग."

अक्काने हातवारे करून काहीतरी विचारलं. मॅडम डोळे पुसत हसल्या. "म्हणती, पोरी येवढा येळ गप राह्यल्या, आन् हा मिशावालाच सारखा काय बोलून राह्यलाय?"

मला त्या दोघींचे आभार मानायचे होते. माझ्या पोरीसाठी, वरच्या उड्यांसाठी, तराजूत पडलेल्या चुन्यासाठीसुद्धा. मनातून मानायचे होते. भाषण तयार होतं आणि ते अक्काच्या काही कामाचं नव्हतं. मी कप खाली ठेवला, तिच्यापुढे उभा राहिलो, एक पाय मागे नेला आणि या पोटासकट जमेल तेवढा वाकलो. गुडघा कडकन वाजला.

अक्का खाली वाकून, चष्मा सावरत, माझ्या पायांकडे बघत राहिली. मग पुढे आली आणि आपल्या पायाने माझा पाय हळूच थोडा बाहेर सरकवला.