चिकाटी : पाहा ‘हेका’

“चिकाटी म्हणतात ती ही! बघा जरा तिकडे!”

गणिताच्या बाईंचा तो आवाज कोशवाल्यांच्या कानात अजून जशाच्या तसा होता. सगळा वर्ग मान वळवून त्यांच्याकडे बघत होता. जन्मभर पुरेल एवढं कौतुक लहानपणीच पदरात पडलं, की माणसाला पुढे वेगळं काही करून दाखवावं लागत नाही, हे सर्वमान्य आहे.

म्हणूनच शब्दकोश मंडळात ‘चिकाटी’ हा शब्द कोणाकडे द्यायचा यावर चर्चा झाली नाही. कोशवाल्यांनी तो मागूनच घेतला. बाकीचे संपादक आपापली अक्षरं हातावेगळी करत ‘ज्ञ’पाशी पोचले, निवृत्त झाले, एकजण तर वारलेसुद्धा (रीतसर अर्ज न देता). कोशवाले ‘चि’वरच होते. मंडळाच्या अहवालात याची नोंद ‘काम प्रगतिपथावर’ अशी होत असे.

मसुदा असा:

चिकाटी. १. (स्वतःची) थोर गुण. २. (मुलांची) पाहा ‘हट्ट’. ३. (सहकाऱ्यांची) पाहा ‘हेका’. ४. (बायकोची) —

इथे घोडं अडलं होतं. बायकोने कधी काही नेटाने धरून ठेवल्याचं त्यांना आठवेना.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, “काका, उद्या छपाई सुरू. शब्द आला तर आला, नाहीतर कोश ‘चिकट’वरून थेट ‘चिकित्सा’वर उडी मारेल.”

कोशवाले तोंड पाडून घरी आले. बायको मटार सोलत होती.

“अगं, तुझ्या चिकाटीचं एखादं उदाहरण दे. असेल तसं चालेल. उद्या माझं नाक कापलं जाणार आहे.”

“माझं कशाला? तुम्ही आहात की घरचे.”

“माझं पहिल्या अर्थात आलंय. बाईंनी भर वर्गात—”

“ऐकलंय.” (लग्नापासून, बहुधा जेवताना.) तिने एक शेंग हातात नुसतीच फिरवली. “अहो, तुमच्या मागच्या बाकावर कोण बसायचं?”

“तूच की.”

“घंटा होऊन गेली तरी मी त्या गणिताला भिडून बसले होते. तुम्ही कधीच वही मिटून खिडकीबाहेर बघत होतात. बाई मला म्हणाल्या हो ते.”

पातेल्यात दाणे टपटप पडत राहिले.

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“सांगताना किती खूश असायचात तुम्ही.”

शब्द वेळेत छापखान्यात गेला. पहिले तीन अर्थ गाळले आहेत. आता एकच अर्थ आहे : ‘ठाऊक असून, मायेपोटी, न बोलणे.’ स्वतःची चिकाटी शोधायला ज्या वाचकांनी हे पान उघडलं असेल, त्यांनी कृपया ‘हेका’ पाहावा. तिथे त्यांच्यासाठी भरपूर जागा ठेवली आहे.