मासळी शिजवणारा फ्रीज

बाळांनो, सरसावून बसा. एका जंगलात वीज आली आणि तिच्या मागोमाग लांडगेशेठचं फ्रीजचं दुकान आलं. त्याआधी त्या जंगलात कुणी शिळं खात नसे. शिळं खायला फ्रीज लागतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या जंगलात सगुणाबाई नावाची पाणमांजर राहत होती. नवरा 'जरा वरच्या अंगाला फिरून येतो' म्हणून गेला होता, तो अजून फिरतच होता. पदरात पिल्लं. पावसाळ्यात नदी फुगली की मासेमारी बंद, पण पिल्लांची पोटं काही बंद होत नाहीत. म्हणून तिने लांडगेशेठकडून फ्रीज घेतला.

"वर्षाची वॉरंटी आहे, वहिनी," शेठ म्हणाले. "डोळे मिटून वापरा."

वॉरंटी एका रविवारी संपली. सोमवारी सकाळी सगुणाबाईने फ्रीज उघडला, तर आतून वाफ आली. पुराच्या दिवसांसाठी साठवलेली सगळी मासळी आत शिजून तयार!

पिल्लांनी ताव मारला. सगुणाबाईने मात्र डोक्याला हात लावला. उरलेली मासळी संध्याकाळपर्यंत नासणार होती आणि बाहेर नदी तर धो धो वाहत होती. ती तशीच दुकानात गेली.

"शेठ, फ्रीज गरम होतोय."

"वॉरंटी?"

"काल संपली."

"अरेरे!" शेठना फार वाईट वाटलं. वाईट वाटण्याचा त्यांना रोजचा सराव होता. "परवा आला असतात, तर मी स्वतः दुरुस्तीला आलो असतो."

"परवा तो चांगला चालत होता हो!"

"मग तेव्हा तक्रार कशाची करणार होतात?" शेठ म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

सगुणाबाई ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या म्हाताऱ्या हत्तीणबाईंकडे गेली.

"वॉरंटी संपली म्हणून तुझा हक्क संपत नाही, बाई," हत्तीणबाई म्हणाल्या. "कारखान्यातून निघतानाच वस्तूत दोष असेल, तर विकणारा सुटत नाही. मात्र तो दोष मुळातला आहे, हे दाखवावं लागेल. जाणकाराला घेऊन ये."

"फ्रीजमधलं कळणारं कोण आहे इथे?"

हत्तीणबाईंनी जरा विचार केला. "एकच आहेत. लांडगेशेठ."

सगुणाबाई घरी आली. उरलेली मासळी आंबली होती. पिल्लांनी भुकेने घर डोक्यावर घेतलं होतं. ती दारात बसून रडली, मग पिल्लांवर ओरडली, मग फ्रीजला एक लाथ घातली.

एवढ्यात शेजारचे बगळेकाका चोचीत मासे घेऊन चालले होते. ते उथळ पाण्यात उभं राहून मासे पकडत आणि कच्चेच गिळत.

"काका," सगुणाबाई म्हणाली, "ते मासे इकडे द्या. शिजवून देते. अर्धे तुमचे, अर्धे पिल्लांचे."

तिने माशांना मीठ-हळद लावली, फ्रीजमध्ये ठेवले आणि दार लावलं. थोड्या वेळाने बगळेकाकांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी ते भाऊबंदांना घेऊन आले. मग करकोचे आले, खंड्या आले. पिल्लांची पोटं भरू लागली. दारात रांग लागली.

वास लांडगेशेठपर्यंत पोचला. ते रांग मोडून आत शिरले, एक मासा चाखला, दुसरा चाखला.

"वहिनी, फ्रीज मी गार करायला विकला होता. याचे पैसे वेगळे पडतील."

"अहो, तो बिघडलाय!"

"बिघडलाय कुठे? गरम करायची ही सोय आमच्या कारखान्यानेच आत घातलीय. खास सोय आहे."

सगुणाबाईने कान टवकारले. "पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून!"

"हत्तीणबाईंसमोर सांगाल?"

"चला, आत्ता सांगतो!" शेठ तरातरा पुढे निघाले. मागोमाग सगुणाबाई, पिल्लं आणि अख्खी रांग.

"म्हणजे शेठ," सगळं ऐकून हत्तीणबाई म्हणाल्या, "गार करायला विकलेला हा फ्रीज कारखान्यातूनच गरम करणारा निघाला होता?"

"होय बाई. मुळातच!" शेठनी छाती फुगवली.

"नक्की?"

"या जंगलात फ्रीजमधलं माझ्याहून जास्त कळतं कुणाला?"

"तेच मीही हिला सांगितलं होतं," हत्तीणबाई म्हणाल्या. "फ्रीज मुळातच सदोष होता, हे सिद्ध झालं. हिला नवा फ्रीज द्या. आणि नदी उतरेपर्यंत पिल्लांना मासे तुम्ही पुरवा."

"पण वॉरंटी..." शेठ पुटपुटले.

दुसऱ्या दिवसापासून लांडगेशेठ गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहून मासे पकडू लागले. सगुणाबाईचा नवा फ्रीज छान गार करू लागला. रांगेतल्यांना आता गार मासे मिळाले. ते तिला नावं ठेवत निघून गेले.

कुठे गेले? लांडगेशेठच्या दुकानात. परत आलेला फ्रीज तिथे दर्शनी भागात मांडला होता, दुप्पट किमतीला. वर पाटी: 'मासळी शिजवणारा फ्रीज.' वॉरंटी वर्षाची. त्यानंतर तो गार करू लागला, तर शेठ जबाबदार नव्हते.

तात्पर्य: बाळांनो, शेवटी सत्याचाच विजय होतो. फक्त ते दुकानदाराच्या तोंडून बाहेर पडावं लागतं, आणि त्यासाठी आधी त्याला त्यात नफा दिसावा लागतो.