प्रतीक्षाचा बोईसरचा नवरा

२०१८ सालची गोष्ट. बोईसरच्या प्रतीक्षाला पीएचडीसाठी सातपाटीच्या मासळी सुकवणाऱ्या बायकांचा अभ्यास करायचा होता. सांगून जावं की न सांगता, यावर तिने महिना घालवला. "सांगितलंत तर त्या खरं काही बोलायच्या नाहीत," मार्गदर्शक बाई म्हणाल्या. शेवटी जुनी साडी नेसून ती मजुरीला उभी राहिली.

बोंबील वाळवताना दोन-दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकतात. प्रतीक्षाने शेपट्यांच्या गाठी मारल्या. वारा सुटला आणि अख्खी ओळ वाळूत.

"आयशीनं काय शिकवलं गं तुला?" शेजारच्या दोरीवरची सुगंधा ओरडली.

तिच्याबरोबरच्या जयवंतीने मात्र प्रतीक्षाचे मऊ हात उलटेसुलटे पाहिले. "गप गं. चांगल्या घरची दिसते. नवऱ्यानं टाकलंय काय, पोरी?"

नाही म्हणावं, तर मग इथे कशाला आलीस, ते सांगावं लागणार. प्रतीक्षा वाकून वाळूतले बोंबील गोळा करू लागली.

"कुठं असतो?"

"बोईसरला," तिच्या तोंडून निघून गेलं.

त्या दिवसापासून जयवंती तिला आपल्यातली भाकरी देऊ लागली. एकदा भाकरी मोडता मोडता हळूच म्हणाली, "माझापन गेला टाकून. गावाला सांगितलं, वेरावळच्या बोटीवर होता, बुडाला. बारा वरसं कुंकू पुसून बसलेय, आनि मेला तिकडं दुसरा संसार करतो. सुगंधालापन ठावं नाय. तुझंमाझं एकच दुखणं, म्हनून सांगितलं."

प्रतीक्षाने घरी येऊन ते शब्दन्‌शब्द लिहिलं. प्रबंधाचं एक प्रकरण झकास होणार होतं.

आठवड्याने सकाळी पाहते तो टेम्पो उभा, आत चौदा बायका.

"चढ," सुगंधा पदर खोचत म्हणाली. "नवऱ्याचं घर दाखव."

"अहो, पण..."

"भिऊ नको, मारनार नाय. टोपल्या घेऊन दारात बसनार फक्त. वासानंच शरन येईल."

बोईसरच्या घरात वडील एकटे पेपर वाचत बसले असणार. पालघर आलं तसा प्रतीक्षाचा धीर सुटला. "मला नवराच नाही हो! माझं लग्नच झालेलं नाही. मी तुमच्यावर लिहायला आले होते."

टेम्पो हसण्याने हलू लागला. "मंग आता लगीन लावूनच परत जाऊ!"

जयवंती हसली नाही. "माझंपन लिवलंस?"

प्रतीक्षाने मान खाली घातली.

"काय गं लिवलंस हिचं?" सुगंधाने विचारलं.

जयवंतीचा हात टेम्पोच्या दांडीवर घट्ट आवळला.

"भाकरी छान करते, एवढंच," प्रतीक्षा म्हणाली.

ते प्रकरण तिने फाडून टाकलं. प्रबंध कसाबसा पास झाला. 'निरीक्षणे वरवरची' असा शेरा पडला. मार्गदर्शक बाई निवृत्त होऊन नाशिकला गेल्या. सुगंधाने स्वतःचा टेम्पो घेतला. प्रतीक्षा पालघरला कॉलेजात शिकवते आणि दर दिवाळीला फराळ घेऊन सातपाटीला जाते. ती दिसली की जयवंती हात धुते, खुर्ची पदराने पुसते, आणि म्हणते, "बसा, मॅडम."