पाटी कोण पुसतं?

दोन वाजून वीस मिनिटं झाली, तरी इर्मेलीबाईंच्या निरोपाच्या कॉफीला तिघंच हजर होते, आणि त्यांतल्या एक खुद्द इर्मेलीबाई. टेबलावर त्रेसष्ट माणसांचा केक, पाच थर्मास कॉफी आणि वेलचीच्या पावांचा डोंगर. तांपेरे शहरातल्या या कचेरीच्या इमारतीतल्या सगळ्यांना एकतीस वर्षं कॉफी पाजणारी बाई आज नवा निळा झगा घालून दाराकडे बघत होती, आणि तिचं ते बघणं प्रोग्रामर ओइवाला बघवत नव्हतं. आमंत्रणांचं काम त्यानेच हौसेने मागून घेतलं होतं.

"किती जणांचं उत्तर आलं होतं?" त्याचा सहकारी तूक्का याने हळूच विचारलं.

"एकाचंही नाही."

"आणि तुला शंका नाही आली?"

"आपल्याकडे यायचं असलं की माणूस गप्पच राहतो ना! येणार नसेल तरच कळवतो."

हे तूक्कालाही पटलं. "पण लेका, आमंत्रण मलाही नाही आलं. मी तुझ्या शेजारी बसतो म्हणून कळलं."

ओइवाने लॅपटॉप उघडला. त्याचा प्रोग्राम गेले चार दिवस अखंड चालूच होता. बंद करून पुन्हा सुरू करणं प्रोग्रामरांच्या त्याच्या पंथात कमीपणाचं मानतात. यादीसाठी त्याने पायऱ्यांची सुरेख साखळी जुळवली होती. एक पायरी नोकरी सोडून गेलेल्यांना गाळायची, दुसरी एकदा आलेलं नाव पुन्हा आलं तर काढून टाकायची. टोकाला पडदा जोडा, नावं दिसतील. ई-मेलचं टपाल जोडा, आमंत्रणं जातील. सोमवारी पडद्यावर त्रेसष्ट नावं झळकली होती. मग त्याने टपाल जोडलं, आणि खुशीत निकाल न बघताच जेवायला गेला. निकाल आत्ता दिसला: शून्य.

"काय झालं रे पोरा?" इर्मेलीबाई मागे येऊन उभ्या होत्या.

खोटं बोलणं त्याला जमेना. "बाई, कोणाला आमंत्रणच गेलं नाही. ही दुसरी पायरी प्रत्येक नाव लक्षात ठेवते. सोमवारी चाचणीत सगळे येऊन गेले. खऱ्या वेळी तिला वाटलं, हे तर होऊन गेले!"

इर्मेलीबाईंनी चष्मा सारखा केला. तळघरातल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पाळ्या त्याच लावत. "सौनाच्या पाटीवर ज्याची पाळी झाली त्याचं नाव मी लिहिते. पण सोमवारी आधी पाटी पुसते, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात अख्खी इमारत पारोशी राहील. तुझी पाटी कोण पुसतं?"

ओइवाने पाटी साखळी जुळवतानाच टांगली होती, एकदाच. साखळी दर वेळी धावायला निघते तेव्हा नवी कोरी पाटी टांगायला हवी होती. त्याने एक ओळ उचलून दोन ओळी खाली नेली आणि साखळी चालवली. त्रेसष्ट! पण चूक दुसऱ्याच वेळी उघडी पडते, म्हणून खात्रीसाठी पुन्हा चालवली. त्रेसष्ट! आणखी एकदा. त्रेसष्ट!

"टोकाला अजून टपालच जोडलंय ना रे?" तूक्का म्हणाला.

तेवढ्यात जिन्यावर धडधड सुरू झाली. चौथ्या मजल्यावरचा हिशेबनीस प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावत आला, त्याच्यामागे नुसत्या मोज्यांवर दोघी, मग रांगच लागली.

"तीन मिनिटांत तीन आमंत्रणं!" हिशेबनीस धापा टाकत म्हणाला. "म्हटलं, इर्मेलीला काहीतरी झालं!"

इर्मेलीबाई खुर्चीवर बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या. "एकतीस वर्षांत या इमारतीत कोणाला धावताना पाहिलं नव्हतं मी," त्या म्हणाल्या. "उभे काय राहिलात? केक कापा."

कॉफी ओतता ओतता त्यांनी पर्समधून सौनाच्या पाटीचं फडकं काढलं आणि ओइवाच्या हातात दिलं.

"सोमवारपासून तू. आधी पुसायचं, मग नावं. आणि चाचणी एकदाच."