टाइप फाइव्हचा राजवाडा

गजभिये काकांनी लखनऊची रेसिडेन्सी एका फेरीत नापास केली होती. माझे आईवडील चिपळूणहून आले होते, त्यांना ती दाखवायला मी काकांनाही बरोबर नेलं होतं. पडक्या भिंतींसमोर गाईड अठराशे सत्तावन सांगत होता. काकांनी मान वर केली, आभाळ पाहिलं आणि म्हणाले, "छप्परच नाही. मेजर रिपेअर. अलॉट नाही करता येणार."

काकांनी सगळी नोकरी सरकारी क्वार्टर वाटण्यात काढली. टाइप वन म्हणजे शिपायाची एक खोली, टाइप फाइव्ह म्हणजे बड्या साहेबाचा बंगला. जगातली सगळी घरं त्यांच्या लेखी या पाच टाइपांत बसायची. मी लखनऊच्या एका संशोधन संस्थेत नवा रुजू झालो तेव्हा मराठी आडनावाची पाटी पाहून मोठ्या आशेने त्यांच्या टेबलापाशी गेलो. रजिस्टर चाळून ते म्हणाले, "मराठी? छान, छान. अठ्ठाविसावा नंबर आहे तुमचा." मी वळलो तशी मागून हाक आली, "ऑफिसात अठ्ठाविसावा. घरी पहिला. संध्याकाळी जेवायला या."

तेव्हापासून मी त्यांच्याकडे जेवत होतो. विमलकाकू भंडाऱ्याच्या. त्यांची मुलं आमच्याशी हिंदीत बोलायची, आम्ही मराठीत, आणि काका नियमांत. "नॉर्म्समध्ये बसत नाही" हे त्यांचं आवडतं वाक्य. काकूंनी भाजीत मीठ जास्त घातलं तरी तेच.

काका मार्चअखेर रिटायर झाले. नियमाने क्वार्टर आणखी काही महिने ठेवता येत होतं. पण दुसऱ्याच दिवशी टेम्पो आणून काका गोमती नगरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले. काकू म्हणाल्या, "काहून एवढी घाई जी? आता मला समुद्र दाखवा. चौतीस वर्षं 'पुढच्या साली, पुढच्या साली' ऐकून राहिली मी."

म्हणून एप्रिलमध्ये आम्ही तिघे काकांच्या जुन्या मारुतीतून निघालो. मला घरी जायचंच होतं, शिवाय आळीपाळीने गाडी चालवायला कुणीतरी हवं होतं. तीन दिवसांनी चिपळूण गाठलं, माझ्या घरी एक दिवस पाठ टेकली आणि रत्नागिरीला गेलो.

समुद्र दिसताच काकू चपला हातात घेऊन थेट गुडघाभर पाण्यात गेल्या आणि एवढ्या जोरात हसल्या, की काका ओरडले, "विमल, लोक बघताहेत!" लोक बघत नव्हते. काकाच बघत होते.

ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं होतं. त्याचा राजवाडा पाहताना काकांनी खिडक्यांच्या कड्या हलवल्या, भिंतीला ओल आहे का ते हात लावून पाहिलं. "टाइप फाइव्ह. क्रॉस व्हेंटिलेशन उत्तम. पण स्वयंपाकघरातून एवढ्या लांब वरण आणायचं म्हणजे थंड होणार."

"राजा होता हो तो," रखवालदार दुखावून म्हणाला. "तीस वर्षं होता रत्नागिरीत. पण या वाड्यात पाच-सहाच."

"म्हणजे पंचवीस वर्षं वेटिंगला?" काका थक्क झाले. "राजा असून?"

दुपारी जेवताना हापूस आला. काकांनी दोन फोडी खाल्ल्या आणि जाहीर केलं, "ठीक आहे. आमच्या मलिहाबादचा दसहरी आंबा जूनमध्ये येऊ द्या, मग बोलू." शेजारच्या टेबलावरचे दोघे जेवायचे थांबले. काकूंनी घाईघाईने तिसरी फोड काकांच्या तोंडात कोंबली.

दुसऱ्या दिवशी गाडी फेरीबोटीत चढवून खाडी ओलांडली. वाटेत दोन चांगल्या खानावळी दिसल्या, पण काका थांबेनात. "गुहागरला एक जुनं घर पाहायचंय," एवढंच म्हणाले. हातात पत्त्याची चिठ्ठी होती. विचारत विचारत आम्ही एका चिरेबंदी घरापाशी पोचलो. काका फाटकाबाहेरच उभे राहिले. "बास. बाहेरूनच पाहू."

कड्या हलवल्याशिवाय न राहणारा हा माणूस बाहेरूनच पाहू म्हणतो? पण फाटकावर 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी होती आणि काकूंच्या पोटात कावळे ओरडत होते. त्यांनी फाटक उघडलं.

पाणी घेऊन आलेल्या बाई ओटीवरच थबकल्या. "गजभिये साहेब? लखनऊचे?"

"नमस्कार," काका खाली बघत म्हणाले. "तीन थाळ्या."

"आमचा पत्ता कसा सापडला?"

"क्वार्टर सोडताना फॉर्मवर तुम्हीच लिहिला होता."

बाईंनी तांब्या खाली ठेवला. त्या साळवी वहिनी. त्यांचे यजमान लखनऊला नोकरीत असताना अचानक गेले. मुलगी बारावीत होती. नियमाने परीक्षेच्या आधीच क्वार्टर सोडावं लागणार होतं.

"आणि नेमकी आमची फाइल साहेबांकडून हरवली," वहिनी काकूंना म्हणाल्या. "पाच महिने सापडेना. रोज आमच्या दारावरून ऑफिसला जायचे, पण मान वर करून बघायचे नाहीत. मुलीचा शेवटचा पेपर झाला, त्याच संध्याकाळी फाइल सापडली."

काकू नवऱ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, तुम्ही कधी बोलले नाही."

"हरवलेल्या फायलीचं काय बोलायचं?" काका पुटपुटले आणि पानात नसलेलं काहीतरी वेचू लागले.

आम्ही जेवलो. सोलकढी, बांगड्याचं तिखलं, गरम भात. काकूंनी आपल्या पानातला बांगडा उचलून न विचारता काकांच्या पानात ठेवला. निघायची वेळ झाली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मुलगी इथल्याच शाळेत गणित शिकवते. चारला येईल. थांबाल?"

संध्याकाळपर्यंत दापोली गाठायची, असं काकांनी सकाळीच तीनदा बजावलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते आधीच घातलेले बूट पुन्हा काढून ओटीवर बसले होते.

काकू वहिनींबरोबर आत गप्पा मारत बसल्या. मी झोपाळ्यावर लवंडलो. साडेतीनच्या सुमारास डोळा उघडला तेव्हा काका फाटकाकडे तोंड करून ताठ बसले होते, आणि खिशातला छोटा कंगवा काढून हळूच केस विंचरत होते.