काट्यावर विश्वास नसलेले कारखानीस

कारखानीस आमच्या घरी पहिल्यांदा आले, ते खुर्चीवर बसायच्या आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले. काचेवर बोटाने दोनदा टकटक केलं, मनगटावरच्या घड्याळाशी वेळ ताडून पाहिली आणि म्हणाले, "चालू आहे. बसतो."

नंतर कळलं, ही सवयच होती. थर्मामीटर असो, वाण्याचा तराजू असो, कारखानीस आधी टकटक करणार. काट्याने सांगितलं आणि आपण ऐकलं, हे त्यांना मंजूरच नव्हतं.

ते आणि आमचे हे, दोघेही चंडीगडहून लेहला सामान पोचवणारी हवाई दलाची विमानं चालवत. विमानं म्हातारी झालेली. संध्याकाळी आमच्या व्हरांड्यात चहाबरोबर त्यांचीच टिंगल चाले.

"वहिनी, आमचं इंधनाचं मीटर म्हणजे माझी बेळगावची मावशी. 'पोट भरलंय रे' म्हणते आणि पाच मिनिटांत रिकामं ताट घेऊन हजर!"

"आणि उंचीचं?" हे मुद्दाम विचारत.

"ते लग्नाच्या मुलाचा बाप! दोन इंच वाढवूनच सांगणार. यार, डोंगर काय पत्रिका बघून सोडणार आहे?"

दोघे पोट धरधरून हसत. मीही हसे, पण पहाटे ह्यांची जीप फाटकाबाहेर पडली की मावशीचं ते रिकामं ताट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नसे.

थंडीतल्या एका दिवशी हे पहाटे गेले ते जेवायच्या वेळेपर्यंत परतले नाहीत. डोंगराकडे ढगांची भिंत उभी राहिली होती. मी वरण गॅसवर ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. तेवढ्यात फाटक वाजलं. कारखानीस! त्या दिवशी त्यांचं उड्डाण नव्हतं. आता हे काय सांगणार, म्हणून मी गॅस तसाच सोडून दाराशी धावले.

"काही झालेलं नाही," ते घाईने म्हणाले. "नुसता उशीर आहे. चहा मिळेल?"

आमची मुलगी धावत आली. "अंकल, पापा कब आएंगे?"

"आते ही होंगे, बेटा."

मग मला म्हणाले, "वहिनी, ते विमान एकदम पक्कं आहे. इंधनाचं मीटर नवं कोरं बसवलंय. मी स्वतः पाहिलं. अगदी खरं बोलतं."

आजवर मीटरची बाजू घेताना मी त्यांना ऐकलंच नव्हतं. ते खोटं बोलताहेत हे मला कळलं, आणि मी जास्तच घाबरले. तरी मान डोलावली. दुसरं काय करणार?

आम्ही व्हरांड्यात बसून राहिलो. चहा तसाच निवला. ऊन अंगणातून निघून गेलं. शेवटी शेजारच्या पंजाबी आजींनी, बीजींनी, कुंपणावरून हाक मारली. त्यांच्याकडे फोन होता. "पुत्तर, फोन आया! दूसरे एयरपोर्ट पे उतरे हैं. सब ठीक हैं!"

मी तोंडाला पदर लावून रडले. कारखानीस उठून उभे राहिले आणि लगेच पायरीवर बसले.

"तुम्ही असे सगळ्यांकडेच जाऊन बसता?" मी जरा वेळाने विचारलं.

"ज्याला उशीर होईल त्याच्याकडे."

"आणि तुम्हाला उशीर झाला तर?"

ते हसले. "माझ्यामागे कोण आहे, वहिनी? मेसचा खानसामा ताट झाकून ठेवेल आणि झोपेल."

"मग इथे निरोप पाठवायला सांगा," मी म्हणाले. "मी जागी असते."

ते उठले आणि स्कूटर ढकलत फाटकाबाहेर गेले.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी एक जवान सायकलवरून आला, फाटकाशी उतरला आणि सलाम ठोकून म्हणाला, "मेमसाब, कारखानीस साहब लैंड कर गए. बोले, घर पे बता देना."